इंदूरमध्ये मुलांचा फुटबॉल क्लब चालवताय? बालसुरक्षेची घडी अशी बसवा

इंदूरमध्ये मुलांचे फुटबॉल क्लब बहुतेक एकाच पद्धतीने सुरू होतात. कॉलेजकडून किंवा जिल्ह्याकडून खेळलेले दोघं-तिघं एकत्र येतात, चिमणबाग किंवा कॉलनीतलं एखादं मैदान मिळतं, उन्हाळी शिबिर लागतं, आणि शाळा उघडल्यावरही निम्मी मुलं येत राहतात. झाला क्लब. बॉल, कोन, बिब्स, जर्सी यांचा हिशोब पहिल्या दिवसापासून लिहिलेला असतो. मुलं कोणाच्या हाती सोपवली जातायत, याची मात्र कुठेच नोंद नसते.

ती का नसते, याचं उत्तर क्लबची बालसुरक्षा सांभाळताना मी पुन्हा पुन्हा ऐकलंय: "अहो ताई, आपल्यातलेच आहेत." रामबागेत, लोकमान्य नगरात, सुदामा नगरात आपण मराठी घरं एकमेकांना पिढ्यान्‌पिढ्या ओळखतो. कोच कोणाचा तरी भाचा असतो, गणपतीच्या मांडवात राबणारा असतो. ही ओळख मोलाची आहे, पण तिच्यावर मुलांची सुरक्षा सोपवता येत नाही. मुलांवर अत्याचार करणारी व्यक्ती बहुतेक वेळा ओळखीतलीच असते, आणि मुलाच्या आधी ती आईवडिलांचा विश्वास मिळवते. इंग्लंडमध्ये नोव्हेंबर २०१६मध्ये अँडी वुडवर्ड हा माजी खेळाडू लहानपणी कोचने केलेल्या अत्याचाराबद्दल जाहीरपणे बोलला. त्यानंतर शेकडो जण पुढे आले. त्यावरचा क्लाइव्ह शेल्डन यांचा चौकशी अहवाल मार्च २०२१मध्ये प्रसिद्ध झाला. मुलं त्या कोचच्या घरी मुक्कामाला जायची, तीही पालकांच्या संमतीने. काही क्लबांमध्ये कुजबुज होती, पण कोणी हललं नाही. आपल्याकडेही २०२२मध्ये १७ वर्षांखालील मुलींच्या राष्ट्रीय संघाच्या युरोप दौऱ्यातून एका सहायक प्रशिक्षकाला गैरवर्तनाच्या आरोपावरून परत बोलावून काढून टाकावं लागलं.

म्हणून खाली जे सांगतेय त्याचं सूत्र एकच आहे: कोण चांगला आणि कोण वाईट हे ओळखण्याच्या भरीला पडू नका. कोणीही आला तरी मूल एकटं सापडणार नाही, आणि काही झालंच तर कोणाला सांगायचं हे त्याला ठाऊक असेल, अशी रचना करा.

१. बालसुरक्षेसाठी एक व्यक्ती नेमा, पण ती कोच नको

क्लबमध्ये एक व्यक्ती अशी हवी जिचं नाव आणि नंबर प्रत्येक पालकाकडे आणि प्रत्येक मुलाकडे आहे. आम्ही तिला बालसुरक्षा प्रमुख म्हणतो. ही व्यक्ती मुख्य कोच नसावी, क्लबचा मालक नसावी आणि त्यांच्या घरातली तर मुळीच नसावी. कोचबद्दल तक्रार असेल तर मूल कोचच्या बायकोला कसं सांगणार? एखादी शिक्षिका, डॉक्टर, समुपदेशक किंवा मैदानावर नियमित येणारी पालक चालेल. मुली असतील तर दोघं नेमा, त्यातली एक बाई हवीच.

पद मिरवायला नाही. आठवड्यातून किमान एक दिवस ती व्यक्ती मैदानावर दिसली पाहिजे, मुलांशी बोलली पाहिजे. मूल अनोळखी नंबरावर फोन करून मनातलं सांगत नाही.

२. कोच घेण्याआधी

मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या २०१२च्या पॉक्सो कायद्याखालचे नियम २०२०मध्ये नव्याने आले. त्यांत खेळांच्या अकादम्यांचा स्पष्ट उल्लेख आहे: मुलांच्या संपर्कात येणाऱ्या प्रत्येक कर्मचाऱ्याची पोलीस पडताळणी ठरावीक काळाने करायची. पगारी असो, कंत्राटी असो, कोच असो की मैदान सांभाळणारा. "आमचा क्लब छोटा आहे, रजिस्टर्डसुद्धा नाही," ही सबब इथे धरू नका.

आपल्याकडे याला चरित्र सत्यापन म्हणतात. मध्य प्रदेश पोलिसांच्या नागरिक पोर्टलवर अर्ज करता येतो, नाहीतर सरळ आपल्या थान्यात जाऊन विचारा. कोच बाहेरून आलेला असेल तर तो आधी जिथे राहत होता तिथलं सत्यापनही मागा.

पण त्या कागदावर विसंबू नका. ज्याच्यावर कधी गुन्हाच नोंदला गेला नाही, त्याचं सत्यापन स्वच्छच येणार. त्यामुळे आधीच्या दोन क्लबांना किंवा शाळांना स्वतः फोन करा. कोचने दिलेल्या मोबाइल नंबरावर नको, संस्थेचा नंबर स्वतः शोधा. "कसा माणूस आहे?" असं विचारलंत तर "चांगला आहे" एवढंच उत्तर येईल. "का सोडलं?" आणि "पुन्हा ठेवाल का?" हे दोन प्रश्न विचारा. दुसऱ्या प्रश्नानंतर समोरचा गप्प झाला तर ते उत्तर समजा, आणि खोलात जा. तारीख टाकून हे बोलणं वहीत लिहून ठेवा.

एआयएफएफचं, म्हणजे अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचं, 'डी' लायसन्स दाखवलं की पालक निर्धास्त होतात. लायसन्स असणं चांगलंच, पण ते कोचिंग शिकल्याचं प्रमाण आहे. माणूस कसा आहे याचा दाखला त्यातून मिळत नाही.

३. मैदानावरचे नियम

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. पडताळणी ठरावीक काळानेच होते, मैदान मात्र रोज भरतं.

*दोन मोठी माणसं.* सराव सुरू असताना मैदानावर किमान दोन प्रौढ हवेत. दुसरा कोच परवडत नसेल तर पालकांच्या पाळ्या लावा. एका कोचचा फोन आला की "आज मी एकटाच आहे," तर सराव रद्द करा. सुरुवातीला पालक कुरकुरतात, दोनदा झालं की पाळी कोणी चुकवत नाही.

*एकांत नको.* मुलाशी वेगळं बोलायचं असेल तर बाकीच्यांना दिसेल अशा जागी, साइडलाइनला. बंद खोलीत, सामानाच्या स्टोअरमध्ये, गाडीत नाही. कोचने एका मुलाला एकट्याने स्कूटरवर घरी सोडायचं नाही, कितीही उशीर झाला तरी.

हा उशीरच सगळ्यांत अवघड भाग आहे. सहा वाजता सराव सुटतो. सव्वासहाला गेटपाशी एकच मूल उरतं, पाठीवर बॅग, हातात बूट. बाबा राजवाड्याच्या ट्रॅफिकमध्ये अडकलेत. अंधार पडतोय, कोचलाही घरी जायचंय. अशा वेळी "चल, मी सोडतो" हे चांगुलपणानेच निघतं, आणि ज्याच्या मनात पाप आहे त्यालाही नेमकी हीच वेळ हवी असते. म्हणून नियम आधीच ठरलेला हवा: शेवटचं मूल जाईपर्यंत दोन प्रौढ गेटच्या उजेडात थांबतील, आणि पालकांना फोन कोच नाही, पाळीवरचा पालक करेल. प्रत्येक मुलाच्या फॉर्मवर त्याला न्यायला कोण येऊ शकतं त्यांची नावं हवीत. यादीत नसलेला काका आला तर आधी आईला फोन. काकांना राग येतो. येऊ द्या.

*हात लावणं.* फुटबॉलमध्ये स्पर्श येतोच. बॉल कसा झाकायचा, खांदा कसा लावायचा हे हात धरून दाखवावं लागतं. आधी विचारा, "हात लावून दाखवू का?" आठ वर्षांच्या मुलालाही विचारा. त्यातून त्याला कळतं की नाही म्हणायचा हक्क आपल्याला आहे. जांघेचा स्नायू ओढला गेला की मालीश करायला बसणारे कोच मी पाहिलेत. ते कोचचं काम नाही. बर्फ द्या, पालकांना बोलवा, फिजिओकडे पाठवा, तपासणीला पालक सोबत हवेत.

*मारणं आणि शिक्षा.* "दोन लावल्यात तरी चालेल, सर," असं पालकच सांगून जातात. चालत नाही. आपल्या ताब्यातल्या मुलाला मारहाण किंवा छळ करणं २०१५च्या बाल न्याय कायद्याच्या कलम ७५खाली गुन्हा आहे, त्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. मे महिन्याच्या उन्हात शिक्षा म्हणून दहा राउंड पळवणं, "जाड्या" म्हणून हाक मारणं, पेनल्टी चुकवलेल्या पोराला सगळ्यांसमोर रडवणं हेही थांबवा. जे मूल कोचला घाबरतं ते कोचबद्दल कधीच काही सांगत नाही.

*कपडे बदलणं.* मुलं घरूनच किट घालून आलेली बरी. बदलायची खोली असेल तर मुलं बदलत असताना मोठ्यांनी बाहेर थांबायचं, मोबाइल आत न्यायचा नाही. मुलींसाठी आतून कडी लागणारी, स्वच्छ बाथरूम मैदानाजवळ नसेल तर मुलींची बॅच सुरू करण्याआधी ती सोय करा.

मुलगे सुरक्षितच असतात असं धरून चालू नका. पॉक्सो मुलगा-मुलगी भेद करत नाही, १८ वर्षांखालचा प्रत्येक जण त्यात येतो. मोठी मुलं लहानांना त्रास देतात, त्यावरही लक्ष हवं. आठ वर्षांची आणि पंधरा वर्षांची बॅच एकाच वेळी एकाच खोलीत सोडू नका.

४. फोन आणि फोटो

कोचने मुलाला वैयक्तिक मेसेज करायचा नाही. व्हॉट्सॲप ग्रुप पालकांचा असेल, त्यात बालसुरक्षा प्रमुखही असेल. मोठ्या मुलाशी सामन्याबद्दल थेट बोलावंच लागलं तर पालक असलेल्या ग्रुपमध्ये. रात्री अकराला "झोपलास का चॅम्प?" असा मेसेज आला, तर तो साधा वाटला तरी पालकांनी प्रमुखांना दाखवावा. महागडे बूट एकाच मुलाला भेट देणं, "हे आपल्या दोघांतच ठेव" म्हणणं, घरी जेवायला बोलावणं, या सगळ्या गोष्टी सुट्या सुट्या पाहिल्या तर निरुपद्रवी दिसतात. एकत्र दिसल्या की विचारायलाच हवं.

फोटोसाठी पालकांची लेखी परवानगी घ्या. टीमचा फोटो टाका, पण मुलाचं पूर्ण नाव, शाळा आणि सरावाची वेळ एकाच पोस्टमध्ये नको.

५. बाहेरगावचे सामने

देवास, उज्जैन, महू सकाळी जाऊन संध्याकाळी परत येण्यासारखे. भोपाळला किंवा त्याहून लांब मुक्काम आला की धोका वाढतो, कारण रात्र आली, खोल्या आल्या, आणि घर लांब.

निघण्याआधी पालकांना लेखी द्या: कुठे राहणार, कोणत्या खोलीत कोण, सोबत कोणते प्रौढ, परत कधी. मुलींच्या संघासोबत बाई मॅनेजर नसेल तर दौरा नाही. यात सूट देऊ नका, अंतिम सामना असला तरी. मोठ्या माणसाने मुलांच्या खोलीत झोपायचं नाही. शाळेच्या हॉलमध्ये सगळ्यांची सोय असेल तर दोन प्रौढ, दोन टोकांना, मुलांपासून अंतर ठेवून. ट्रेनमध्ये बर्थ असे वाटा की एकटं मूल अनोळखी लोकांच्या डब्यात जाणार नाही. झोपण्याआधी रोज रात्री प्रत्येक मुलाचं घरी बोलणं झालं पाहिजे, आणि ते बोलताना कोचने शेजारी उभं राहायचं नाही.

एक वेगळा सापळा सांगते, कारण त्यात हुशार पोरं अडकतात. "तुमच्या मुलात दम आहे, मोठ्या क्लबच्या ट्रायलला नेतो, फक्त मुलाला पाठवा आणि एवढे पैसे भरा." ट्रायल खरी असेल तर त्या क्लबच्या अधिकृत वेबसाइटवर तिची माहिती असते आणि पालकांना सोबत यायला कोणी अडवत नाही. क्लबच्या कार्यालयात फोन करा, जिल्हा संघटनेला विचारा. पालकांना नको म्हणणाऱ्या ट्रायलला मूल पाठवू नका.

६. मुलांना आधी सांगून ठेवा

पहिल्या आठवड्यात, वॉर्मअपनंतर गोल करून पंधरा मिनिटं. भाषण नको. शरीराचे कोणते भाग खाजगी आहेत, कोणी हात लावला, दाखवलं किंवा दाखवायला सांगितलं तर काय करायचं: नाही म्हण, तिथून निघ, सांग. कोणाला सांगायचं ती माणसं समोर उभी करून दाखवा. १०९८ हा नंबर पाठ करून घ्या, ही चाइल्ड हेल्पलाइन चोवीस तास आणि मोफत आहे. आणि हे वाक्य नक्की बोला: "सरांनी केलं असेल तरी सांगायचं, संघातून कोणी काढणार नाही." संघातली जागा जाईल ही भीती खेळणाऱ्या मुलाला सगळ्यांत मोठी असते.

७. मुलाने काही सांगितलं तर

मूल कधीच तक्रार म्हणून सांगत नाही. पाण्याची बाटली भरता भरता म्हणतं, "ताई, मी उद्यापासून येणार नाही." किंवा "सर नेहमी मलाच थांबवतात." कधी विचारतं, "कोणाला सांगणार नाही ना?"

इथे वचन देऊ नका. "तू सांगतोयस ते तुला सुरक्षित ठेवण्यासाठी मला एक-दोन लोकांना सांगावं लागेल. पण सगळ्यांना नाही, आणि कोणाला सांगतेय ते मी आधी तुला सांगेन." एवढं म्हणा आणि थांबा. मूल गप्प झालं तर गप्प राहू द्या.

ऐकताना चेहरा शांत ठेवा. "तू आधी का नाही सांगितलंस?" हा प्रश्न कधीही विचारू नका, त्यात दोष मुलावर जातो. "त्याने इथे हात लावला का?" असे उत्तर सुचवणारे प्रश्नही नकोत, पुढे कोर्टात त्यांवर बोट ठेवलं जातं. "मग काय झालं?" पुरेसं आहे. "तू सांगितलंस ते बरं केलंस, यात तुझी चूक नाही," हे स्पष्ट म्हणा. मग लगेच, मुलाच्याच शब्दांत, तारीख-वेळ टाकून लिहून ठेवा. मूल ज्या शब्दाने अवयवाचं नाव घेतं तोच शब्द लिहा, शुद्ध करू नका.

आणि पुन्हा पुन्हा सांगायला लावू नका. कमिटीसमोर नाही, कोचसमोर तर नाहीच. "दोघांना समोरासमोर बसवून मिटवू," ही सूचना हमखास येते, एखाद्या वडीलधाऱ्याकडून, चांगल्या हेतूने. ठाम नकार द्या.

८. पोलिसांत कळवणं

लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाली किंवा तसं घडण्याची भीती वाटली, तर पॉक्सोच्या कलम १९नुसार विशेष किशोर पोलीस पथकाला किंवा स्थानिक थान्याला कळवणं बंधनकारक आहे. पुरावा गोळा करणं, खरं-खोटं ठरवणं हे आपलं काम नाही. न कळवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो. आपल्या हाताखालच्या माणसाचा गुन्हा लपवणाऱ्या संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत. सद्भावनेने कळवणाऱ्याला कायद्याचं संरक्षण आहे.

थान्याची भीती वाटते म्हणून घरं मागे हटतात, तेव्हा पालकांना हे सांगा. हद्द कोणाचीही असो, कोणत्याही थान्यात झिरो एफआयआर नोंदवता येतो, प्रत मोफत मिळते. मुलाचा जबाब घरी किंवा त्याला हवं तिथे घेतात, शक्यतो महिला अधिकारी, गणवेशाशिवाय, आईवडिलांसमोर किंवा मुलाचा विश्वास असलेल्या माणसासमोर. मुलाला रात्री थान्यात ठेवता येत नाही. पोलिसांनी २४ तासांत बाल कल्याण समितीला कळवायचं असतं, आणि समिती खटल्यात मदतीला सहायक व्यक्ती देऊ शकते. शारीरिक अत्याचार नुकताच झाला असेल तर अंघोळ घालू नका, कपडे धुऊ नका, थेट दवाखान्यात न्या. सरकारी एम.वाय. रुग्णालय असो की खाजगी, अशा मुलावर प्रथमोपचार मोफत करायला नकार देता येत नाही. मुलीची तपासणी महिला डॉक्टरच करतात.

त्याच दिवशी त्या कोचला मुलांपासून दूर करा, चौकशी पुरी होईपर्यंत. हा निकाल नाही, हे त्यालाही सांगा. पण राजीनामा घेऊन गुपचूप मोकळं करू नका. तो महिन्याभरात शहराच्या दुसऱ्या टोकाला दुसऱ्या मुलांना शिकवत असेल.

मुलाचं नाव, शाळा, गल्ली, फोटो, काहीही ग्रुपवर जाता कामा नये. ओळख उघड करणं हा वेगळा गुन्हा आहे. पालकांना एवढंच कळवा: तक्रार आली आहे, नियमानुसार कळवलं आहे, तुमच्या मुलाशी शांतपणे बोला, काही असेल तर प्रमुखांना फोन करा.

९. गोलपोस्ट, ऊन, वीज

थोडक्यात, पण सोडू नका. हलवता येणारे गोलपोस्ट जमिनीला पक्के बांधा किंवा मागच्या पायावर वाळूच्या गोण्या टाका. लोंबकळणाऱ्या मुलावर पोस्ट पडून जगभरात मृत्यू झालेले आहेत. एप्रिल-मेमध्ये सकाळी लवकर किंवा सूर्य कलल्यावरच सराव, दर पंधरा-वीस मिनिटांनी पाणी. गडगडाट ऐकू आला की सगळे मैदानाबाहेर, झाडाखाली नाही.

१०. फाइलमध्ये काय हवं

प्रत्येक कोच आणि मदतनीसासाठी:
- ओळखपत्र, पत्ता, चरित्र सत्यापन
- आधीच्या दोन संस्थांशी झालेल्या बोलण्याची नोंद
- लायसन्सची प्रत
- वरचे नियम वाचून सही केलेला कागद

प्रत्येक मुलासाठी:
- जन्मदाखल्याची प्रत. वय कमी दाखवलेला मोठा मुलगा लहानांत खेळला तर दुखापत लहानांना होते.
- दोन फोन नंबर आणि न्यायला येणाऱ्यांची यादी
- दमा, ॲलर्जी, चालू औषधं
- उपचाराची आणि फोटोची परवानगी, दोन्ही वेगवेगळ्या सह्यांनी

क्लबसाठी:
- तक्रारींची वही, कुलपात, फक्त प्रमुखांकडे किल्ली
- पाळीवरच्या पालकांचं रजिस्टर
- जवळचा थाना, बाल कल्याण समिती, जिल्हा बाल संरक्षण युनिट, १०९८ आणि ११२ हे नंबर, मोठ्या अक्षरांत, किटबॅगच्या झाकणाला आतून चिकटवलेले

मुलांचे फॉर्म दरवर्षी शिबिराआधी नव्याने भरून घ्या, नंबर बदललेले असतात. शिबिरापुरता आलेला कॉलेजचा पोरगा, बॉल गोळा करणारा, पाणी देणारा, यांचेही कागद त्याच फाइलमध्ये लागतील. ते मैदानावर यायच्या आधी.